गच्चीवरून मृग : एका तेजोमेघाचे तीन साक्षीदार

"हा तांबडा रंग आकाशात आहे, की तू घातलास?"

अण्णांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या हातात मी गच्चीवरून काढलेला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो होता. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत आमचा छोटासा छापखाना. अण्णांनी उभी हयात खिळे जुळवण्यात आणि प्रुफे तपासण्यात घालवली. मी ऑफसेटवर आलो, पण त्यांचा धाक कायम राहिला. मूळ प्रतीत नसलेला अनुस्वारसुद्धा आपल्या पदरचा घालायचा नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळे प्रश्न कौतुकाचा नव्हता, प्रूफ तपासणाऱ्याचा होता. मूळ प्रत कुठे आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

मी म्हणालो, "आकाशातच आहे की, अण्णा."

"मग मला कधी दिसला नाही तो. लहानपणी अंगणात झोपायचो आम्ही. मृगाचे चार खूर, पोटातला बाण, खाली तो पुसट ठिपका, सगळं बघितलंय. तांबडं काही नव्हतं तिथं."

त्यांचे खरे होते, आणि माझेही खरे होते. पण दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे मला त्या रात्री सांगता आले नाही. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. वाचनालयातली पुस्तके, जुन्या नियतकालिकांच्या प्रती आणि गच्चीवरची जागरणे यांतून जे हाती आले तेच माझे शिक्षण. पुढची तीन-चार वर्षे मी या एका प्रश्नामागे होतो. हा लेख म्हणजे अण्णांना द्यायचे राहिलेले उत्तर.

पहिला साक्षीदार : डोळा

मृग ओळखायला अवघड नाही. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे, त्यांतला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा. मध्ये एका रेषेत तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण. या तिघांच्या खाली आणखी एक छोटी उभी ओळ दिसते. तिच्यातला मधला 'तारा' नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार वाटत नाही, काचेवर फुंकर मारल्यासारखा धुरकट दिसतो. हाच तो तेजोमेघ. ज्योतिर्विदांच्या यादीत त्याचे नाव एम ४२. तो आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. आज गच्चीवर पोचणारा त्याचा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

हा मेघ मुख्यतः हायड्रोजन वायूचा. त्याच्या गाभ्यात काही अतितप्त तरुण तारे आहेत. त्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो, आणि तो पुन्हा अणूत परतताना ठरावीक रंगांचा प्रकाश बाहेर पडतो. त्यातला दृश्य प्रकाशातला सर्वांत जोरकस रंग ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे गडद तांबडा. याच मेघात थोडा ऑक्सिजनही आहे, आणि तो ५००.७ नॅनोमीटरला हिरवट प्रकाश देतो.

मग तांबडा रंग अण्णांना का दिसला नाही? याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. अंधारात सारा भार दंडपेशींवर येतो. या पेशी सर्वांत संवेदनशील असतात त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि गडद तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणजे मेघाचा तांबडा प्रकाश अण्णांच्या डोळ्यात शिरत होता, पण आत त्याची दखल घेणारे कोणी नव्हते. त्यांनी पाहिलेला पुसट ठिपका बराचसा ऑक्सिजनच्या हिरवट प्रकाशाचा होता. मोठ्या दुर्बिणीतून हा मेघ पाहणाऱ्या अनेकांना त्यात हिरवट झाक जाणवते, तीही यामुळेच.

डोळ्याची आणखी एक मर्यादा आहे. डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या एका छोट्याशा भागात जेवढे आले तेवढ्याचे चित्र करायचे आणि पुढे जायचे, ही त्याची रीत. तासभर टक लावून पाहिले म्हणून मेघ तासभराच्या उजेडाइतका उजळत नाही. फोटोग्राफीने आकाशाचा अभ्यास बदलला तो नेमका याच ठिकाणी.

दुसरा साक्षीदार : काच

या मेघाचा पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्जमध्ये काढला. ड्रेपर पेशाने वैद्यकाचे प्राध्यापक, आणि त्यांची वेधशाळा वडिलांच्या जागेत उभी होती. एक्स्पोजर ५१ मिनिटांचे. त्यानंतर १८८३ साली लंडनच्या ईलिंग उपनगरात अँड्र्यू कॉमन यांनी घरामागच्या बागेत बसवलेल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून याच मेघाचा असा फोटो घेतला की त्यात डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. कॉमन मलनिस्सारणाच्या कामातले अभियंता होते. १८८४ साली त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. घराच्या आवारातून आकाशाचे फोटो काढणे हे कॅमेरे स्वस्त झाल्यावर निघालेले खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

पण काचेवरच्या त्या रसायनालाही स्वतःची नजर होती. त्या काळच्या प्लेटा निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि तांबड्याला आंधळ्या. अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा चालायचा तो म्हणूनच. तेव्हा ड्रेपर आणि कॉमन यांच्या फोटोत आहे तोही मृगातलाच मेघ, पण त्याच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने रेखलेला. म्हणजे डोळा सांगतो हिरवट आणि काच सांगते निळा. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण दोघांनाही सगळे दिसलेले नाही.

या गोष्टीत पुणेही आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगामवाला. त्या वेळी ज्योतिर्विदांत एका रेषेवरून वाद चालला होता. तेजोमेघांच्या वर्णपटात दिसणारी ती ठळक हिरवी रेषा विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली प्रथम पाहिली होती. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कळत नव्हते. 'नेचर'चे संस्थापक नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे, ती मॅग्नेशियमची. तसे असते तर तिची एक कड स्पष्ट आणि दुसरी विरत गेलेली दिसायला हवी होती. नायगामवाला यांनी पुण्यातून मृगातल्या मेघाचा वर्णपट तपासला, आणि रेषा धारदार आहे, असे १८९१ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात कळवले. लॉकियर हे त्या काळचे केवढे मोठे प्रस्थ! पुण्यातून त्यांच्या विरोधात साक्ष द्यायची तर तिच्यामागे स्वतःच्या निरीक्षणावरचा भरवसा हवा.

ती रेषा मॅग्नेशियमची नव्हती. काहींनी तिच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्यही कल्पिले होते. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवले की तो आपला ओळखीचा ऑक्सिजनच आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला हा ऑक्सिजन अतिविरळ वायूत असतानाच हा प्रकाश देऊ शकतो. म्हणजे अण्णांच्या दंडपेशींना अंगणातून जो प्रकाश दिसत होता आणि नायगामवाला यांनी ज्याची कड तपासली, ती रेषा एकच.

आणखी एक योगायोग. १८९३ साली लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मृग नक्षत्राच्या आधारे वेदकाल ठरवण्याचा तो प्रयत्न. एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतराने, एक जण मृगाकडे वर्णपटमापकातून पाहत होता आणि दुसरा ऋचांमधून.

नायगामवाला यांनी पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ टाकला. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

तिसरा साक्षीदार : सेन्सर

आता माझ्या गच्चीवर या. माझ्याकडे जुना डीएसएलआर कॅमेरा आणि १३५ मिलिमीटरची लेन्स. पहिली अडचण अशी की पृथ्वी फिरते. आकाश सेकंदाला १५ विकला सरकते. स्टँडवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याने या लेन्समधून दोन सेकंदांपेक्षा जास्त एक्स्पोजर दिले की ताऱ्यांच्या रेघा होतात. आणि दोन सेकंदांत मेघाचा जेमतेम एक डाग मिळतो, तोही खरखरीत.

ही खरखर काय असते ते समजून घेतले की पुढचे सोपे होते. पावसाळ्यात छत गळते तेव्हा आपण खाली पातेले ठेवतो. दर मिनिटाला सरासरी शंभर थेंब पडत असतील, तरी मोजायला बसलो तर कधी ९२ भरतील, कधी १०७. प्रकाशही थेंबाथेंबानेच येतो. सरासरी शंभर कण येत असतील तर साधारण दहाचा चढउतार असतोच. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. शंभरावर दहा म्हणजे दहा टक्के. पण दहा हजारांवर शंभर म्हणजे एकच टक्का. थेंब जितके जास्त मोजाल तितकी सरासरी भरवशाची.

म्हणून मी दोन सेकंदांचा एक फोटो काढत नाही, चारशे काढतो. संगणकावर ते ताऱ्यांवर तारे ठेवून जुळवतो आणि त्यांची सरासरी घेतो. चारशेचे वर्गमूळ वीस, म्हणजे खरखर मेघाच्या तुलनेत विसाव्या हिश्शावर येते. एकूण एक्स्पोजर तेरा मिनिटे वीस सेकंद. छापखान्यातल्या माणसाला हे जुळवणे शिकवावे लागत नाही. चार रंगांच्या चार प्लेटा कागदावर एकावर एक बसल्या नाहीत की आम्ही म्हणतो, 'रजिस्टर हलला'. आकाशाच्या फोटोत चारशे वेळा रजिस्टर सांभाळायचा, एवढाच फरक.

नंतर मी आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे छोटे यंत्र घेतले. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका वर असतो, म्हणजे सांगलीत जेमतेम १७ अंश. तेवढी उंची आमच्या शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी सहज झाकते. मग होकायंत्राने अंदाज घ्यायचा, एक्स्पोजर देऊन पाहायचे, तारे कोणत्या बाजूला सरकतात ते बघून अक्ष केसभर हलवायचा. या जुळवाजुळवीत पहिला तास जातो. तोवर लेन्सवर दव धरते. ऊसतोडणीच्या दिवसांत कुठेतरी पाचट पेटवलेले असते आणि त्याचा धूर क्षितिजावर थर धरून राहतो.

याशिवाय दोन प्रकारचे फोटो काढावे लागतात, ज्यांत आकाश नसतेच. एक, लेन्सला झाकण लावून. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष उमटतात, ते मूळ फोटोतून वजा करायचे. दुसरा, लेन्सवर पांढरा सदरा ताणून सारख्या उजेडात. त्यात लेन्सच्या कडांचा काळोख आणि धुळीचे डाग उमटतात, त्याने मूळ फोटोला भागायचे. हे 'सुशोभन' नव्हे. कॅमेऱ्याने आपल्या पदरचे घातलेले काढून टाकणे आहे. अण्णांच्या भाषेत, प्रूफ तपासणे.

मग रंग कुठून आला?

कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंगांध असतो. त्याच्या चौकोनांवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचांची जाळी बसवलेली असते. निम्म्या चौकोनांवर हिरवी, पाव हिश्शावर तांबडी, पाव हिश्शावर निळी. प्रत्येक चौकोन फक्त उजेड मोजतो, आणि रंग त्या तीन मोजमापांच्या मेळातून तयार होतो. आमच्याकडे छपाईच्या प्लेटेवर तरी रंग कुठे असतो? मजेंटाची प्लेट काही गुलाबी नसते.

उलट, बाजारातला साधा कॅमेरा या मेघाचा तांबडा प्रकाश अडवतो. सेन्सरपुढे एक गाळणी असते. तिचे काम अवरक्त प्रकाश थोपवून माणसाच्या डोळ्याला पटतील असे रंग आणणे. ती ६५६ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश गाळून टाकते. म्हणजे अण्णांच्या हातातल्या फोटोत तांबडा रंग मी घातला नव्हता, तो आकाशात होता त्यापेक्षा कमीच आला होता. नंतर मी ती गाळणी बदलून घेतली.

मात्र मी एक गोष्ट केली होती, आणि ती कबूल केली पाहिजे. मी तो प्रकाश वाढवून दाखवला होता. सर्वांत मंद भाग आणि गाभा यांच्यात उजेडाचे अंतर इतके की कागदावर दोन्ही एकदम मावत नाहीत. मंद भाग वर उचलावा लागतो, गाभ्यासाठी छोट्या एक्स्पोजरचे वेगळे फोटो घेऊन ते मिसळावे लागतात. नकाशात नदीची निळी रेघ प्रमाणापेक्षा रुंद काढतात, तसेच हे. नदी तिथे असते, निळेपणा आणि रुंदी ही वाचकासाठीची सोय. सोय केली आहे हे सांगितले, तर तो नकाशा खोटा ठरत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

पण खोटे कुठे सुरू होते, हेही मला अनुभवाने कळले. एका वर्षी गावातल्या प्रदर्शनासाठी मी मृगाचा फोटो दिला. अंतिम प्रत अधिक रेखीव व्हावी म्हणून धार आणणारी एक संगणकप्रणाली वापरली. हजारो चित्रांवरून ती शिकलेली असते, आणि अस्पष्ट जागी काय असावे याचा अंदाज करून ती तपशील भरते. फोटो देखणा झाला. मेघाच्या एका पंखातून एक नाजूक तंतू निघाला होता. लोक नेमके त्याच जागी बोट ठेवून दाद देत होते.

घरी येऊन मी त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या रात्रीचे फोटो काढून पाहिले. तंतू नव्हता. मूळ चारशे फोटोंची नुसती सरासरी पाहिली. तिच्यातही नव्हता. आकाशात, सेन्सरवर, कुठेही नसलेली रेघ मी आमच्याच छापखान्यात छापून भिंतीवर लावली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो फोटो उतरवला. संयोजक म्हणाले, "राहू द्या हो, कोणाला कळतंय?" अण्णांना कळले असते असे मी म्हणालो नाही. पण उतरवला तो त्यांच्याच धाकाने.

घरच्या फोटोचे मोल

कोणी म्हणेल, एवढा सोवळेपणा कशाला? अवकाशातल्या दुर्बिणींनी या मेघाचे उत्तमोत्तम फोटो घेतलेले असताना तुमच्या गच्चीवरच्या फोटोत एक तंतू कमी-जास्त झाला तर काय बिघडते?

बिघडते. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जे मॅकनील यांनी घराच्या अंगणातून तीन इंची दुर्बिणीने मृगातल्याच एका भागाचे फोटो घेतले. त्यांत एम ७८ या मेघाजवळ त्यांना एक छोटा उजळ डाग दिसला. ओळखीच्या फोटोंत तो नव्हता. एका नवजात ताऱ्याने अचानक उजळून भोवतालचा वायू प्रकाशित केला होता. आज तो 'मॅकनीलचा तेजोमेघ' म्हणून ओळखला जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरात व्हिक्टर बुसो या कुलुपे-किल्ल्यांचे काम करणाऱ्या गृहस्थांनी घराच्या छपरावरच्या दुर्बिणीला जोडलेला नवा कॅमेरा तपासायला एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे लागोपाठ छोट्या एक्स्पोजरचे फोटो घेतले. सुरुवातीच्या फोटोंत नसलेला एक ठिपका नंतरच्या फोटोंत उजळत गेलेला दिसला. ताऱ्याच्या स्फोटाचा पहिला उजेड बाहेर पडताना योगायोगाने पकडला गेला होता. त्यावरचा शोधनिबंध २०१८ साली 'नेचर'मध्ये आला.

मॅकनील यांच्या जागी माझी ती धार आणणारी प्रणाली असती तर? तिने शिकलेल्या चित्रांत तो डाग नव्हता. कदाचित तिने त्याला खरखर समजून पुसले असते. आणि मला दिसला तसा तंतू पाहून मी शोध लागल्याचे कळवले असते. नसलेले घालणारे हात असलेले पुसूही शकतात. मोठ्या दुर्बिणी आकाशाच्या एकेका तुकड्याकडे ठरवून पाहतात, तर गच्च्या आणि अंगणे जगभर पसरलेली आहेत आणि त्यांवर कोणी ना कोणी रोज जागे असते. त्यांच्या फोटोंचे मोल ते देखणे आहेत म्हणून नाही, एका विशिष्ट रात्रीची ती नोंद आहे म्हणून आहे. तेव्हापासून मी मूळ फोटो पुसत नाही. प्रत्येक रात्रीची तारीख, वेळ, एक्स्पोजर आणि पुढे केलेले प्रत्येक संस्करण वहीत लिहून ठेवतो.

ही नोंद दरवर्षी अवघड होत चालली आहे. आमच्या गल्लीत पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा प्रकाश वर्णपटाच्या थोड्याशा भागात एकवटलेला, त्यामुळे तो गाळता येई. आता पांढरे एलईडी आले. त्यांचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला, आणि त्यातला निळा भाग हवेत अधिक विखुरतो. आता मी हायड्रोजनची तांबडी आणि ऑक्सिजनची हिरवी अशा दोनच रेषा आत सोडणारी गाळणी लावतो. नायगामवाला यांची रेषा माझ्या कॅमेऱ्यात येते ती अशी. पण तारे त्याने बापुडवाणे होतात, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलांना कुठली गाळणी द्यायची? दिव्यांना वरून झाकणी लावली आणि उजेड रस्त्यावरच पाडला, तरी बरेच साधेल.

गेल्या हिवाळ्यात मी अण्णांपुढे तीन प्रती ठेवल्या. तिन्ही एकाच मेघाच्या. एक फक्त ऑक्सिजनच्या प्रकाशातली, करडी. ती डोळ्याच्या साक्षीच्या जवळची. दुसरी फक्त निळ्या जाळीची, जुन्या काचेची आठवण देणारी. तिसरी पूर्ण रंगांतली. प्रत्येकीखाली काय वाढवले, काय वजा केले ते छापले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना आता गच्चीवरून तो ठिपका दिसत नाही. डोळे थकलेत आणि दिवेही वाढलेत. त्यांनी भिंग घेऊन तिन्ही प्रती पाहिल्या, करडी प्रत बाजूला काढली आणि म्हणाले, "ही आमच्या अंगणातली." मग तिसरीखालचा मजकूर वाचून त्यांनी पेन्सिलने एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली. रंगाबद्दल काही बोलले नाहीत. प्रूफ पास झाले, असे मी समजलो.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा मृग रात्री दहाच्या सुमारास पूर्वेला उगवत असेल. अमावास्येच्या आसपासच्या रात्री खरे तर सर्वांत काळोख्या, पण दिवाळीत रोषणाई आणि फटाक्यांच्या धुराने तो काळोख राहत नाही. चार-आठ दिवस जाऊ द्या. धूर निवला की मध्यरात्रीनंतर गच्चीवर जा, वीस मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि बाणाखालचा तो पुसट ठिपका शोधा. मोबाइल तोवर खिशातच असू द्या.